बदक, नर, उमेळे, पान

पहिल्या भेटीत त्यांनी माझं नाव विचारलं नाही. डोक्यापासून पायापर्यंत एकदा पाहिलं, कानावरची पेन्सिल काढली आणि विचारलं, "कुठनं? कवा? कोनी आनला?"

वसईतल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायला मी तासिका तत्त्वावर रुजू झालो, त्या दिवसाची ही गोष्ट. हातात नेमणुकीचं पत्र, अंगात नवा शर्ट, आणि समोर प्रयोगशाळेच्या दारात खाकी कपड्यांतला हा काटकुळा माणूस. मी म्हटलं, "कराडकडचा आहे. आजच आलो. आणि आणलं कोणी नाही, मुलाखत देऊन आलोय."

त्यांनी जरा विचार केला. "कोनीतरी आनलाच असंल," म्हणाले आणि आत गेले.

खरं सांगायचं तर मला आणलंच होतं. आईच्या मामेभावाची संस्थेत ओळख होती. पण ते पहिल्याच दिवशी एका परिचरानं ओळखावं याचा राग मला पुढे बरेच महिने पुरला.

कागदावर त्यांचं पद प्रयोगशाळा परिचर. बेसिन धुवायचं, बेडकांची भांडी पुसायची, प्रॅक्टिकलला झुरळं आणून द्यायची. पण प्रयोगशाळेच्या मागे एक लांबट खोली होती, तिच्या दारावर कुणीतरी कधीकाळी 'म्युझियम' असं रंगवून ठेवलं होतं, आणि त्या खोलीचे ते सर्वेसर्वा होते. आत लाकडी कपाटं, कपाटांत कप्पे, कप्प्यांत पक्षी. उभे, काचेच्या डोळ्यांचे, फांदीवर बसवलेले पक्षी नव्हते ते. पाठीवर उताणे निजवलेले, पोटात कापूस, डोळ्यांच्या जागीही कापूस, आणि प्रत्येकाच्या पायाला दोऱ्यानं बांधलेली एक चिठ्ठी. खोलीत डांबराच्या गोळ्यांचा असा वास की तिथून आल्यावर डबा खाववत नसे.

रोज सकाळी ते सगळे कप्पे एकेक करून उघडायचे, थोडा वेळ ठेवायचे, मग मिटायचे. का, असं मी विचारलं. म्हणाले, "हवा नको काय त्यांना?" मेलेल्या पक्ष्यांना हवा. मी स्टाफरूममध्ये ही गोष्ट रंगवून सांगितली आणि सगळे पोट धरधरून हसले. त्या हवेमुळे पिसांना बुरशी लागत नाही हे मला फार पुढे कळलं. माझा विषय गांडुळं. पक्ष्यांतलं मला कावळा-चिमणीपलीकडे काही कळत नव्हतं, आणि ते कळत नाही हेही कळत नव्हतं.

आम्ही त्यांना समोर काका म्हणायचो आणि मागे नोंद्या. कारण त्यांचं सगळं जग एका नोंदवहीत होतं. जाड पुठ्ठ्याची, पाठीला कापड चिकटवलेली वही. तिच्यात आडव्या रकान्यांत क्रमांक, नाव, नर की मादी, गाव, जागा, तारीख, कोणी आणला. हे सगळं पेन्सिलीनं. शाईचं पेन त्यांनी खोलीत कधी येऊ दिलं नाही. "शाई पलते, शिसं ऱ्हातं," म्हणायचे. आणि खोडरबरही नाही. लिहिलेलं मोडायचं नाही, हा नियम. चुकलं तर चूक तशीच ठेवायची, पुढे नवी ओळ घालायची.

दुसरा नियम त्याहून कडक. तोंडी नाही.

एकदा नायगावकडचे एक वयस्कर गृहस्थ आले होते, मोठ्या उत्साहानं. त्यांच्या लहानपणी गावाबाहेर मेलेल्या गुरांवर गिधाडं उतरायची, ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं, आता एकही उरलं नाही, कुठेतरी लिहून ठेवा म्हणाले. काकांनी त्यांना स्टूल दिलं, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "पीस हाय?" नाही. "हाड? फोटू? चिठ्ठी?" काहीच नाही. "मंग नाय लिवता येनार. तोंडी चालत नाय."

गृहस्थ हिरमुसले. मी म्हटलं, काका, एवढं मनापासून सांगतायत, खोटं कशाला बोलतील? ते म्हणाले, "खोटं नाय बोलत. पन मानूस मेला की त्याचं तोंड बी जातं. मंग विचारायचं कोनाला?"

माझ्या मुलीच्या बारशाला त्यांना बोलावलं तेव्हाची गत ऐका. आम्ही बोळिंजला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहत होतो. काका आले, धुतलेला पांढरा सदरा घालून, पेढे खाल्ले, पाळण्यात डोकावले, आणि खिशातून एक चिठ्ठी काढून पाळण्याच्या दांडीला दोऱ्यानं बांधली. पेन्सिलीनं नीट लिहिलं होतं: 'मादी. बोळिंज.' खाली तारीख, वजन. आणि शेवटी, 'आननार: आईबाप.'

मादी! माझ्या सासूबाईंनी देव्हाऱ्याकडे बघून हात जोडले. बायको आठ दिवस धुमसत होती. "तुझ्या त्या नोंद्याला पुन्हा घरात आणलंस तर बघ." मी चिठ्ठी काढून कपाटाच्या खणात टाकली. टाकून मात्र दिली नाही.

एवढ्या सगळ्या पक्ष्यांत त्यांचा स्वतःचा असा एकच होता. खालच्या ओळीतला एक कप्पा त्याला एकट्याला दिलेला. बदक. डोकं हिरवं, म्हणजे एकेकाळी हिरवं. आता खिडकीच्या उजेडात तिरपं धरलं तरच हिरवट दिसायचं. गळ्याभोवती पांढरी कड, शेपटीवर दोन वळलेली काळी पिसं. पायाच्या चिठ्ठीवर आणि वहीत एकच मजकूर: 'बदक, नर, उमेळे, पान.' तारीख. आणि कोणी आणला त्या रकान्यात काकांचं स्वतःचं नाव. त्या वेळच्या विभागप्रमुखांनी बाजूला 'मॅलार्ड' एवढा एकच शब्द लिहून ठेवला होता.

काका उमेळ्याचे. खाडीकाठची भातशेती, आता तिच्यावर इमारती. कप्पा उघडताना इतर पक्ष्यांना ते काही म्हणत नसत, या बदकाला मात्र "काय उमेलेकर?" असं रोज विचारायचे. ते कसं सापडलं हे मी दोन-तीनदा विचारून पाहिलं. दर वेळी बोट वहीकडे. "लिवलंय ना." स्वतःच्या तोंडालासुद्धा त्यांनी सूट दिली नव्हती.

या मॅलार्डचं महत्त्व मला पापडीच्या मिसनी सांगितलं. त्या आमच्या ग्रंथपाल, जन्म वसईजवळच्या पापडी गावचा, कॉलेजात काकांच्या खालोखाल जुन्या. त्या म्हणाल्या, हे बदक हिवाळ्यात उत्तरेकडे उतरतं, आपल्याकडे फारसं येत नाही. ते जुने प्रमुख पक्ष्यांतले जाणकार होते, त्यांनीच म्हटलं होतं की या खाडीचं असं दुसरं बदक त्यांनी पाहिलं नाही. "काकांना त्यांनी शाबासकी दिली ती तेवढी एकदा," मिस म्हणाल्या. "बाकी फार छळलं रे. एकदा भर वर्गात, पोरांसमोर, 'पाणी' म्हणायला लावलं. हे म्हणायचे पानी. दहा वेळा म्हणायला लावलं. दहाही वेळा पानीच आलं. पोरं हसून हसून लोळली. त्या दिवसापासून बघ, साहेबांसमोर, पोरांसमोर ते फारसे बोलत नाहीत. लिहून दाखवतात."

मी हे ऐकलं. ऐकून चहा प्यायलो आणि विसरलो. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हेच.

मग ती यादी करायचं काम आलं. म्युझियमची खोली संगणकांना हवी होती. मुंबईच्या एका मोठ्या संग्रहालयानं आमचे पक्षी घ्यायचं कबूल केलं, पण एका अटीवर: प्रत्येक नमुन्याची नोंद त्यांच्या संगणकावरच्या तक्त्यात भरून द्यायची, आणि फक्त वन्य पक्षी पाठवायचे. पाळीव कोंबड्या-बदकांना त्यांच्याकडे जागा नव्हती. काम माझ्या गळ्यात पडलं. प्राचार्य म्हणाले, वेळेत झालं तर पुढच्या वर्षी तुमचा विचार करू. लहान मूल, भाड्याचं घर. मी मान खाली घालून वही उघडली.

वहीत 'जागा' या रकान्यात काकांनी दोनच शब्द वापरले होते. एक रान, दुसरा पान. भारद्वाज, रान. तित्तिर, रान. बगळा, पान. खंड्या, पान. रान म्हणजे रान, ते कळलं. पान म्हणजे?

वसईच्या पानवेली माझ्या कानावर होत्या. बागायतदारांच्या वाड्यांत केळीच्या आडोशानं विड्याच्या पानांचे वेल, हे इथे आलेल्या प्रत्येकाला कुणीतरी सांगतंच. म्हणजे एक रान आणि दुसरी पानवाडी. एक जंगलातला, दुसरा वस्तीजवळच्या बागेतला. बगळा वाडीतल्या तळ्यावर बसलेला असेल, खंड्याही. छान जुळलं. मला स्वतःचं कौतुक वाटलं.

खातरी म्हणून मी मिसना विचारलं, "पूर्वी पानवाड्यांत बदकं असायची का?"

"असायची म्हणजे? घरोघरी असायची," त्या म्हणाल्या. "नाताळाला बदक नको? आमच्या वाडीतच पाच-सहा होती. हिरव्या मानेचे नर काय ऐटीत चालायचे!"

काकांनाही विचारलं. ते कप्प्यांना हवा देत होते. "काका, हे पान लिहिलंय, म्हणजे पानातलंच ना?"

"हां, पानातला. पान म्हनजे पान," ते पाठ न वळवता म्हणाले. "रानात कुठं ऱ्हानार तो?"

झालं. पाळीव बदकं मूळच्या मॅलार्डचीच संतती, एवढं तर मीही पुस्तकात वाचलं होतं; रंग सारखाच असू शकतो. तक्त्यात 'वन्य / पाळीव' असा एक चौकोन होता. बाकी साऱ्या पक्ष्यांपुढे मी 'वन्य' भरलं. बदकापुढे 'पाळीव'. यादी छापून प्रयोगशाळेच्या फळ्यावर लावली, वेळेच्या चार दिवस आधी.

दुपारी काका यादीसमोर उभे दिसले. बोट एकेका ओळीवरून सरकत होतं. ते शेवटाकडे थांबलं आणि तिथेच राहिलं.

"हे कोनी सांगितलं?"

"तुम्हीच लिहिलंय, काका."

"मी?"

मी वही आणली. आज आठवलं की मेल्याहून मेल्यासारखं होतं, पण त्या दिवशी मी ती वही हात पुढे करून, जवळजवळ ऐटीत उघडली. 'पान' या शब्दावर बोट ठेवलं. "हे बघा. तुमच्याच अक्षरात आहे. पान. पानवाडीतलं बदक वन्य कसं होईल?"

प्रॅक्टिकलची दहा-बारा मुलंमुली आजूबाजूला होती. त्यातली एक हसली, कशाला कोण जाणे. काका त्या शब्दाकडे पाहत राहिले. त्यांचे कान लाल झालेले मला दिसले. ओठ एकदा हलले, काहीतरी म्हणणार असं वाटलं, आणि मग त्यांनी मुलांकडे बघितलं आणि ओठ मिटले.

"बरोबर हाय," म्हणाले. "मीच चुकीचा लिवला."

मी त्याचा अर्थ काय घेतला? चोराच्या मनात चांदणं, असा घेतला. या माणसानं कधीकाळी साहेबाची शाबासकी मिळावी म्हणून गावठी बदक जंगली म्हणून खपवलं, आणि आज पकडला गेला. आणि हे मी स्वतःपाशी ठेवलं असतं तरी चाललं असतं. ठेवलं नाही. स्टाफरूममध्ये सांगितलं. तोंडी नाही, तोंडी नाही म्हणणाऱ्या माणसाची आयुष्यभराची अब्रू मी चहाच्या एका कपात, तोंडी, बुडवली. "दिव्याखाली अंधार," कुणीतरी म्हणालं. ते वाक्य पुढचे कितीतरी दिवस त्यांच्या मागे फिरत होतं. शिपाईसुद्धा त्यांना पाहून क्वॅक क्वॅक करायला लागले.

काका नेहमीप्रमाणे यायचे. सकाळी कप्पे उघडायचे, मिटायचे. फक्त खालच्या कप्प्याशी बोलणं बंद केलं.

मुंबईची गाडी आली, पक्षी खोक्यांत भरून गेले. बदक राहिलं. तुटकी भांडी, फुटकी कपाटं यांच्याबरोबर ते भंगारात जाणार होतं. काकांच्या निवृत्तीला तेव्हा पंधरा-वीस दिवस असतील. ते एक अर्ज घेऊन माझ्याकडे आले. टाकाऊ ठरलेला पाळीव बदकाचा एक नमुना घरी नेण्याची परवानगी मिळावी, असा. 'पाळीव' हा शब्द त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिला होता. मी सही केली. ते हलले नाहीत.

"वहीत लिवा," म्हणाले. "कुठं गेला, कवा, कोनी नेला."

मी लिहिलं. त्यांनी वाचलं, मान हलवली आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेलं बदक काखेत धरून फाटकाबाहेर गेले. निरोप समारंभाला आले नाहीत. शाल आणि नारळ मिसनी घरी पोचवला.

माझी नेमणूक पुढच्या वर्षासाठी झाली. त्याच्या पुढच्याही.

दीडेक वर्षानं मिसनी सांगितलं की काका गेले, झोपेतच गेले, दिवस-कार्यही उरकलं. मला लगेच जायचा धीर झाला नाही. आठवडाभरानं एका रविवारी सकाळी उमेळ्याला गेलो. दोन नव्या इमारतींच्या मध्ये अडकलेलं बैठं घर, मागे एवढीशी वाडी, वाडीच्या कडेला गटार. काकी ओट्यावर तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी कोण ते सांगितलं. त्यांनी नीट निरखून पाहिलं.

"यादीवाले मास्तर," म्हणाल्या. "बसा. पानी आनते."

बसलो. तेवढ्यात गटाराकडच्या गवतातून काळपट पांढरं काहीतरी तुरुतुरु पळालं. मी दचकलो.

"ती पानकोंबडी," काकी म्हणाल्या. "रोज येते. पयलं खाडीत असायच्या, आता पान ऱ्हायलंच नाय कुठं, गटारात फिरतात."

पाण्याचा तांब्या माझ्या हातात होता. मी तो तसाच खाली ठेवला.

पाणकोंबडी. पाण. पाणी. रानातले ते रान आणि पाण्यातले ते पाण. बगळा, खंड्या, बदक. पान म्हणजे पान, रानात कुठं ऱ्हानार तो. आणि 'मीच चुकीचा लिवला'. बदक चुकीचं नव्हतं. ण चुकला होता. वर्गात दहा वेळा चुकलेला तोच ण पुन्हा पोरांसमोर मी बोट ठेवून दाखवला, आणि त्यांनी तेवढीच चूक कबूल केली, कारण तेवढीच झाली होती. बाकीचं सांगायला तोंड लागलं असतं, आणि तोंडी चालत नाही. माझ्या घरात, कपाटाच्या खणात, 'आननार: आईबाप' लिहिलेली चिठ्ठी होती. पुरावा घरात होता आणि मी पानवेली शोधत होतो.

"काकी, ते बदक...?"

त्यांनी आत नेलं. फळीवर, देवांच्या खालच्या अंगाला, पांढऱ्या फडक्यावर ते उताणं निजलेलं. बाजूला डांबराच्या दोन गोळ्या.

"लगीन होऊन आठ दिस झाले व्हते," काकी म्हणाल्या. "सकालचे मिठागरावर गेले आनि ह्यो घेऊन आले. विजेच्या तारेला आपटून पडला व्हता, गरम व्हता अजून. सासूबाई म्हनाल्या, सुनेच्या हातचा बदक खाऊ. मी मसाला वाटायला घेतला. हे म्हनाले, शिजवायचा नाय, असा पक्षी आपल्याकडं येत नाय, ह्याची नोंद करायची. सायकलीवर टाकून कॉलेजात नेला. सासूबाई वरीसभर बोलत व्हत्या." त्या किंचित हसल्या. "मी बी रागावली व्हती. नवीन व्हती ना."

चिठ्ठी अजून पायाला होती. 'बदक, नर, उमेळे, पान.' अक्षर न अक्षर जुनं, कुठे खाडाखोड नाही. पण बदकाखाली कागदांचा एक गठ्ठा होता. जुन्या कॅलेंडरची पाठची कोरी पानं. मी एक उचललं. पेन्सिलीनं, ओळीमागून ओळ: पाणी. पाणी. पाणी. कोण. आणला. पाणबदक. पाणबदक. पहिल्या पानावर ण वेडावाकडा, पाय फाकलेला. शेवटच्या पानांवर छापल्यासारखा.

"रिटायर झाल्यावर गिरवत बसायचे," काकी म्हणाल्या. "शालेतल्या पोरावानी. मी म्हनायची, आता कोनाला दाखवायचाय? तर म्हनायचे, कोनाला नाय."

साठी उलटलेला माणूस ण गिरवत बसला, आणि चिठ्ठीवरचा न मात्र त्यानं हात लावून बदलला नाही. लिहिलेलं मोडायचं नाही. मी रडलो. काकींच्या देखत, त्यांच्याच घरात, त्यांचं माणूस गेलेलं असताना त्यांनीच मला पाणी प्यायला दिलं. मग मी सगळं सांगितलं. स्टाफरूमचंही.

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "ते कवा तुमच्यावर बोलले नाय," एवढंच म्हणाल्या.

मी मुंबईला लिहिलं, चूक माझी आहे, नोंद दुरुस्त करा. उत्तर आलं: मूळ नमुना चिठ्ठीसह आणून द्यावा, तपासून ठरवू. हे सोपं वाटतं, पण त्यात एक अडचण होती. मी ती आठवडाभर डोक्यात घोळवली. बदक पाळीव ठरलं होतं म्हणूनच ते घरी नेता आलं. वन्य पक्षी, मेलेला असला तरी, कायद्यानं कुणाला घरात ठेवता येत नाही. काकांचं नाव धुवायचं तर काकींच्या फळीवरून बदक जाणार, कायमचं. आणि त्या घरात काकांचं म्हणावं असं दुसरं होतं काय? खाकी कपडे कुणाला तरी देऊन टाकले होते. फोटो एक, तोही लग्नातला, धुरकट.

मी पुन्हा उमेळ्याला गेलो आणि हे जसंच्या तसं सांगितलं. मनातून मला वाटत होतं, त्यांनी नाही म्हणावं. म्हणजे मी सुटलो असतो.

काकींनी फळीकडे पाहिलं.

"आता पालीवच झालाय तो," म्हणाल्या. "दीड वरीस बोलायचे त्याच्याशी. आता मी बोलते." मग विचारलं, "नेला तर त्यांचं नाव लागंल?"

"कोणी आणला, तिथे त्यांचं नाव राहील. आणि पुढे वन्य लागेल. बहुतेक."

"बहुतेक?"

"तपासतील ते. मी खोटं कसं सांगू?"

त्या उठल्या, हात धुतले, बदक फडक्यासकट उचलून माझ्या मांडीवर ठेवलं. काहीच वजन नव्हतं त्याला. मी म्हटलं, "काकी, मी नीट सांभाळून नेतो, काळजी करू नका."

"तोंडी नको," त्या म्हणाल्या.

फळीच्या कोपऱ्यातून त्यांनी पेन्सिल काढली. काकांचीच, ब्लेडनं तासलेली, बोटभर उरलेली. कॅलेंडरचं एक कोरं पान फाडून दिलं. "लिवा. कुठं नेला, कवा, कोनी. आनि काय हाय ते बी लिवा."

मी लिहिलं. मुंबई, तारीख, माझं नाव. मग 'वन्य बदक, नर, उमेळे' आणि तिथे हात थांबला. काकांनी इतकं गिरवून कमावलेला ण लिहावा असं मनात आलं होतं.

"वाचा की," काकी म्हणाल्या. त्यांना लिहिता-वाचता येत नाही. मी तिथवर वाचलं आणि विचारलं, "पुढे पाण लिहू?"

"चिठ्ठीवर काय हाय?"

"पान."

"मंग तेच लिवा. त्यांनी लिवलेलं मोडू नका."

मी 'पान' लिहिलं आणि कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो चारपदरी घडी करून फळीवर, रिकाम्या जागेत ठेवला आणि वर डांबराच्या त्या दोन गोळ्या ठेवल्या.